आमचा पऱ्या आणि त्यांच्या पऱ्या

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला. ब्लॉग लिहिण्यातून स्वतःला काय मिळतं आणि समाजाला काय मिळतं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "जरा आनंदी लिही हं, दिवाळीचा अंक आहे." मी त्यालाही हो म्हटलं, कारण मोठ्या माणसांना नाही म्हणायची मला अजून सवय झालेली नाही. पण लिहायला बसल्यावर कळलं की नुसतं आनंदी लिहायचं तर निम्मं खोटं लिहावं लागेल. म्हणून आधीच सांगून टाकते. मला राग आलेला आहे. गेल्या हिवाळ्यात आला, तो अजून उतरलेला नाही.

आपल्या कामाविषयी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी रत्नागिरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिथेच राहते आणि सुट्टीला गावी जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ब्लॉगला काम म्हणावं का, हेही मला नीट ठाऊक नाही. त्याचा पगार मिळत नाही. पण वेळ लागतो, डोळे दुखतात, चूक झाली तर लोक बोलतात आणि बंद केलं तर चुकल्यासारखं वाटतं. म्हणजे कामच असावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेटवर आपली एक जागा असते, तिथे आपण लिहून ठेवतो. आईनं विचारलं होतं, "कुणाला पाठवतेस हे?" मी म्हटलं, कुणालाच नाही. दारात पाणी भरून ठेवतात ना, तसं. ज्याला तहान असेल तो येतो, पितो, कधी बरं वाटलं तर दोन शब्द बोलून जातो. त्या दोन शब्दांना प्रतिक्रिया म्हणतात. आई म्हणाली, "आणि कुणी कळशीच उचलून नेली तर?" तेव्हा मी हसले होते.

मी लिहायला लागले त्याचं कारण थोर नव्हतं. वर्गात मी बोलत नसे. तोंड उघडलं की आमच्या गावचं बोलणं बाहेर पडायचं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तोच हेल काढून दाखवायचं. लिहिलेल्याला हेल काढता येत नाहीत. म्हणून लिहू लागले. आमच्या घरी कुळथाचं पिठलं कसं करतात ते लिहिलं. सड्यावर, म्हणजे आमच्या गावावरच्या उघड्या कातळावर, पावसाळा संपताना कुठली कुठली फुलं येतात ते लिहिलं. गावी असले की पोस्ट चढवायलाही त्याच सड्यावर जावं लागतं, कारण वाडीत रेंज नाही.

पहिलं बक्षीस मिळालं ते बाबांकडून. बाबा लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टवर असतात, तिकडेच खोली घेऊन राहतात. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी माझं लिखाण वाचलं आणि फोन केला.

"बाय, हे तू लिवलंस? का कुठून उतरवलंस?"

"मीच लिवलं बाबा."

मग म्हणाले, "बाजूच्याला पण दाखवलं. तो बोलला, तुमच्या पोरीला डोळे हायत."

हे वाक्य मला कुठल्याही परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठं वाटतं. संपादकसाहेब, हा आनंद. लिहून घ्या.

वाचक थोडे होते, पण एकेक नग होता. एक गृहस्थ प्रत्येक पोस्टखाली 'छान' लिहीत. आमचा शेजारी गेला त्यावर लिहिलं, त्याखालीही 'छान'. एक बोटीवरचा खलाशी होता, जयगडच्या बाजूचा. समुद्रात रेंज नसे, त्यामुळे बंदर आलं की साचलेल्या सगळ्या पोस्ट एका दमात वाचायचा आणि लिहायचा, "बहिणी, पिठलं वाचून जहाजातल्या जेवणावर राग काढला." अशा माणसांसाठी मी सड्यावर जात राहिले.

आता पऱ्याचं सांगते.

आमच्याकडे पऱ्या म्हणजे ओहोळ. डोंगरातून पावसाचं पाणी उतरतं, वळणं घेत गावातून जातं आणि शिमग्यापर्यंत वाहतं, तो पऱ्या. आमच्या गावात त्याच्या वरच्या अंगाला गाव आहे आणि खालच्या अंगाला आमची बौद्धवाडी. हे असं का आहे ते मी वेगळं सांगायला नको. पऱ्याच्या कडेला बायका लाल माठ, मुळा, पावटा करतात. कपडे तिथेच धुतात. आणि मुख्य म्हणजे वाडीची विहीर पऱ्याला लागून आहे. पऱ्या शिमग्यापर्यंत वाहिला तर विहीर मेअखेरपर्यंत पुरते. नाही वाहिला तर टँकरची वाट बघायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर भाऊशेठनी होमस्टे सुरू केला. भाऊशेठ गावातलेच, मुंबईत धंदा करून परत आलेले. वरच्या अंगाला त्यांची जागा. त्यांनी पऱ्याला बांध घालून वर पाहुण्यांसाठी डोह केला आणि त्याच्या खालचा पऱ्या माती आणि चिऱ्याचे तुकडे टाकून भरून काढला. त्यावर आता गाड्या उभ्या राहतात. आमच्याकडे पाणी यायचं थांबलं. वाडीतली माणसं ग्रामपंचायतीत गेली. तिथे उत्तर मिळालं, "तो काय ओढा हाय काय? पावसाळी पाणी ते. बघू."

मी पोस्ट लिहिली. नाव दिलं, 'आमचा पऱ्या कुठे गेला?'

इथे आमच्या कामातली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. पऱ्या या शब्दातला अर्धा र फोनवर सहजी उमटत नाही. आपण टाइप करतो आणि तो वर उडी मारून रफार होतो, 'पर्या' दिसतं. मला ते खटकत होतं. आपल्या गावचा शब्द आपणच चुकीचा लिहिला तर कसं? म्हणून मी शोधून शोधून ती आडवी चंद्रकोरीसारखी खूण मिळवली आणि पोस्टमध्ये प्रत्येक ठिकाणी बदलली. सड्यावर दुपारच्या उन्हात बसून. त्या शुद्धलेखनाचं पुढे काय झालं ते बघा.

काही दिवसांनी खलाशी दादाचा निरोप आला. "बहिणी, हे तुझंच ना? पण हे काय केलंय यांनी?" सोबत पर्यटनाच्या एका मोठ्या पेजची लिंक होती. वर धबधबा, धबधब्यावर पंख असलेल्या गोऱ्या मुली, कॉम्प्युटरनं काढलेल्या. खाली मथळा: 'आमच्या पऱ्या कुठे गेल्या? कोकणातील एका टुमदार वाडीची लोककथा.'

त्यांना वाटलं, पऱ्या म्हणजे परीचं अनेकवचन.

मी पहिल्यांदा हसले, हे खरं सांगते. मग पुढे वाचत गेले आणि हसू गेलं. मी लिहिलं होतं, 'पऱ्या आटला नाही, पऱ्या बुजवला.' त्यांनी केलं होतं, 'पऱ्या आटल्या नाहीत, पऱ्या रुसल्या.' आमच्या शेजारच्या सुमनकाकीच्या धुण्याच्या दगडाचं त्यांनी पऱ्यांचं सिंहासन केलं होतं. भाऊशेठ गेले, माती गेली, विहीर गेली. 'वरच्या अंगाला गाव आणि खालच्या अंगाला आम्ही' हे वाक्य तर मुळापासून काढलं होतं. बौद्धवाडीची 'टुमदार वाडी' झाली होती. माझं नाव कुठेच नव्हतं. आणि त्याखाली हजारो माणसांनी आवडल्याचे बदाम दिले होते. माझ्या मूळ पोस्टला तोवर शंभरही वाचक नव्हते.

मी पेजच्या ॲडमिनला लिहिलं. अगदी नम्रपणे. 'सर' असं संबोधून लिहिलं, याचा मला आता सर्वांत जास्त राग येतो. त्यांचं उत्तर आलं: "ताई, आम्हाला वाटलं लोककथा आहे. तुमच्या मजकुरात लिंगवचनाच्या बऱ्याच चुका होत्या, त्या आमच्या टीमने दुरुस्त केल्या आहेत. असंच लिहीत राहा." खाली हात जोडल्याचं चित्र.

'पऱ्या बुजवला' ही त्यांना लिंगवचनाची चूक वाटली. परी बुजवली जाते का, एवढाही विचार कुणी केला नाही. मी 'पर्या' असं अशुद्ध लिहिलं असतं, तर त्यांना निदान परी दिसली नसती. मी मेहनतीनं लिहिलेला अर्धा र त्यांना पंखासारखा दिसला असणार.

कॉलेजात आमच्या मराठीच्या मॅडम चांगल्या आहेत. त्यांना दाखवलं. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू ओढा लिहायचं होतंस. प्रमाण शब्द वापरला असतास तर हे झालं नसतं."

मी मान हलवली. जिना उतरून खाली आल्यावर उत्तर सुचलं. मॅडम, चोरी झाली ती माझ्या शब्दामुळे? घरात चोर शिरला तर कुणी घराच्या रंगाला दोष देतं का? शिवाय ग्रामपंचायतीत आम्हाला हेच सांगितलं होतं ना, की तो ओढा नाही. ओढा म्हटलं तर पंचायत म्हणते नाही. पऱ्या म्हटलं तर जग म्हणतं परी. मग आम्ही आमच्या पाण्याला म्हणायचं काय?

याच्याही पुढचं ऐका. भाऊशेठनी ते पेज वाचलं. त्यांना पऱ्या म्हणजे काय हे माझ्याइतकंच माहीत होतं, त्यांचं बालपण त्यातच मासे पकडण्यात गेलं. तरी आठवड्याभरात डोहाजवळ बोर्ड लागला. 'पऱ्यांचा झरा, सेल्फी पॉइंट.' हायवेवरच्या हातखंब्यावरून गाड्या वळून येऊ लागल्या. आमच्या वाटेवर थांबून एका बाईंनी मला विचारलं, "इथे ते फेअरीजचं गाव कुठेय?" आमची विहीर तळाला गेली होती, मी डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्या वाडीच्या विहिरीवरून येत होते. मी वर बोट दाखवलं. काय करणार?

त्या संध्याकाळी मी ब्लॉग बंद करायचं ठरवलं होतं. मग वाटलं, बंद केला तर नेटवर फक्त त्यांच्या पऱ्या राहतील. म्हणून दुसरी पोस्ट लिहिली. या वेळी नम्र नव्हते. पऱ्या म्हणजे काय, तो कुठून येतो, कुठे जातो, कुणी बुजवला, त्याच्या खाली कोण राहतं, सगळं लिहिलं. बुजवलेल्या जागेचा फोटो टाकला, गाड्यांसकट. शेवटी लिहिलं, 'तुमच्याकडे पऱ्याला काय म्हणतात ते सांगा.'

आणि माणसं आली. मालगुंडच्या बाजूच्या एका आजोबांनी लिहिलं, "आमचाही पऱ्याच. आमच्याकडे त्यावर पूल आहे, त्याला पऱ्यावरचा पूल म्हणतात, परीचा नाही." संगमेश्वरातून, लांज्यातून लोकांनी आपापल्या पऱ्यांची नावं पाठवली. एका बाईनं लिहिलं, "माझं लग्न पुण्यात झालं, पंधरा वर्षांत हा शब्द उच्चारला नव्हता." छानवाल्या गृहस्थांनी प्रथमच तीन शब्द लिहिले: "हे छान नाही." आणि आमच्या वाडीची मुंबईत कामाला असलेली माणसं, ज्यांना मी वर्षातून एकदा बघते, त्यांनी ती पोस्ट वाचून सरपंचांना फोन लावले. एकानं नाही, रांगेनं सगळ्यांनी. सरपंच काय म्हणाले ते आमच्या कानावर आलं: "अरे बाबांनो, फोन बास करा. घेतो विषय."

वाडीतली माणसं स्वतः दारात उभी राहिली होती तेव्हा 'बघू' होतं. तीच गोष्ट नेटवर फिरली तेव्हा विषय झाला. याचा आनंद मानायचा की राग, मला खरंच कळत नाही. मी दोन्ही मानते.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय आला. सरपंचांनी मला सांगितलं, "वाच बाय तुजं काय लिवलेलं ते." मी उभी राहिले. फोन उघडला. पान गोल गोल फिरत राहिलं. सभेच्या खोलीत रेंज नव्हती. मी तिथेच पाठ म्हणायला लागले, पण दोन वाक्यांनंतर पुढचं आठवेना.

भाऊशेठ खुर्चीत रेलून म्हणाले, "बस बाय, बस. गोष्टी बऱ्या लिवतेस. पण तिथे पाणी नव्हतंच कधी. पावसात चार दिवस वाहतं, तेवढंच."

मी खाली बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं, हे कुणाला सांगत बसणार.

मागून सुमनकाकी उठली. ही आमची शेजारीण, बाबांच्या चुलतभावाची बायको. माझ्या ब्लॉगला ती ब्लाक म्हणते आणि आईला सांगते, पोरीला ब्लाकचं याड लागलंय. ती उभी राहून म्हणाली, "भाऊशेठ, पाणी नव्हतंच?"

"नव्हतं वहिनी."

"मंग तुमच्या बोर्डावर काय लिवलंय?"

भाऊशेठ सरपंचांकडे बघू लागले.

"मला वाचता येत नाय नीट. कुणीतरी वाचा गो."

आमच्या वाडीच्या नाही, गावाच्याच बाजूनं कुणीतरी ओरडलं, "पऱ्यांचा झरा!"

"झरा," काकी म्हणाली. "मंजे वरती झरा हाय आणि खाली पाणी नाय. मधल्या मधी त्याला पंख फुटले काय?"

सगळी सभा हसली. गाव हसलं, वाडी हसली, सरपंच तोंडावर रुमाल धरून हसले. भाऊशेठही हसले, कारण न हसून चालणार नव्हतं. आमच्या गावात एकदा सगळे हसले की माणसाला मागे सरावं लागतं. ठराव झाला. पऱ्या मोकळा करायचा.

लेख इथे संपवला असता तर संपादकसाहेब खूश झाले असते. पण पऱ्या मोकळा झाला नाही. भाऊशेठनी गाड्यांच्या जागेखालून एक पाइप घातला. आमच्या घरातल्या ताटाएवढंच त्याचं तोंड. फेब्रुवारीत त्यातून पाणी आलं तेव्हा वाडीत सगळ्यांनी बघितलं. विहीर एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरली. नंतर टँकर आला. त्याचेही आम्ही आभार मानले. आम्हाला आभार मानायची फार सवय आहे.

मग पावसाळा आला. डोंगराचं सगळं पाणी त्या पाइपाच्या तोंडाशी आलं. पालापाचोळा, फांद्या, चिऱ्याचे तुकडे अडकले, पाइप तुंबला आणि पाणी वाट फोडून वाडीत शिरलं. सुमनकाकीच्या पडवीत गुडघ्याला लागत होतं. तिची चूल विझली. पाणी नाही म्हणून भांडलो, तर आता पाणी घरात. पंचायतीत गेलो तर सांगितलं, "ठरावाप्रमाणे पाणी सोडलं ना? मग?"

त्या पेजवर पऱ्यांची लोककथा अजून आहे. पावसाळ्यात त्यांनी ती पुन्हा टाकली, 'पऱ्या परतल्या!' असा मथळा देऊन.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी होते. काकी आली. पडवी सारवून झाली होती, हाताला शेण तसंच. मला म्हणाली, "तुज्या ब्लाकवर लिव."

"काय लिवू?"

"पाइप बारीक हाय, असं लिव. माज्या घरात पाणी आलं, असं लिव. लग्न होऊन आले तवापासून त्या पऱ्यावर कुणी कुठं उभं राहायचं ते मी बघितलंय. आमी नेहमी खाली. वरची धुवून गेली की आमी. ते पण लिव."

काकीनं हे आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं. आईनंही नाही. मी फोनवर लिहीत गेले, ती बोलत गेली. मधे मधे म्हणायची, "हे खोडू नको हां." मी एक अक्षर खोडलं नाही. तिचं बोलणं तसंच ठेवलं, हाय नाय सकट. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "मी एवढं बोलले?"

मी विचारलं, "काकी, खाली नाव कुणाचं?"

"बोललं कोण?"

मी तिचं नाव घातलं, आडनावासकट. सड्यावर जाऊन पोस्ट चढवली.

परवा दिवाळीच्या तयारीला घरी आले, सड्यावर जाऊन बघितलं तेव्हा त्या पोस्टखाली एक नवी प्रतिक्रिया होती. भाऊशेठची. त्यांच्या स्वतःच्या नावानं, फोटोसकट. 'हे सर्व खोटे आहे. पाइप पुरेसा आहे. बदनामी थांबवावी.'

मला आधी भीती वाटली. मग मी ते पुन्हा वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली. पंचायतीत आम्ही अर्ज घेऊन उभे राहिलो, तेव्हा भाऊशेठ आमच्याकडे बघतही नव्हते. आज तो माणूस आमच्या वाडीतल्या एका बाईचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून, तिच्या नावाखाली येऊन तिला उत्तर देत होता. ब्लॉगनं काय दिलं, असं विचारता ना? हे दिलं. फार नाही. पण आमच्या घरात एवढंही कुणाला मिळालेलं नव्हतं.

मी काकीकडे गेले. ती अंगणाच्या कडेला चिखलात दगड टाकत होती, घरात जायला वाट व्हावी म्हणून. पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी तिथला ओलावा हटलेला नाही, कारण पऱ्या अजून पाइपात न मावता तिच्याच अंगणातून वाहतोय. मी तिला सड्यावरून उतरवून आणलेली प्रतिक्रिया वाचून दाखवली.

"खोटं हाय बोलतो?"

"हो."

"लिव त्याला."

मी तिथेच फोन काढला. "काय लिवू काकी?"

तिनं हातातला दगड नीट बसवला, त्यावर पाय ठेवून हलतो का बघितलं.

"लिव, सकाळी ये. माज्या अंगणात उभा राहा आणि मंग बोल. आणि चपला हातात घेऊन ये म्हणावं, चिखल तुजाच हाय."